जिंकलेल्या शहराचा खर्च



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कंत्राटी मजुरीवर किंवा महागाईभत्त्यावर बोलू, अशी त्यांची समजूत होती. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे बारा महिने बोलतच असतो. कारखान्याच्या फाटकाशी बोलतो, कचेरीत बोलतो, तडजोडीच्या टेबलाशी बोलतो. वसंत ऋतूत तरी काही निराळे बोलावे असे वाटले, आणि आम्ही विषय कळवला : संगणकावरच्या एका युद्धाच्या खेळातील जमाखर्च. चालकांकडून दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ येऊन, पत्रात काही लेखनदोष तर झालेला नाही ना, असे नम्रपणे विचारून गेले. लेखनदोष झालेला नव्हता. आज त्याच विषयावर बोलायचे आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. दिवसा त्यावर वर्गणीच्या याद्या आणि न्यायालयाच्या तारखा लिहिल्या जातात. संध्याकाळी काम आटोपले की आमचे तरुण कार्यकर्ते त्यावर राज्ये जिंकतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढे जे काही झाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून झाले. त्यामुळे कोणतीही नवी गोष्ट दिसली की हिचा हिशेब कोण भरतो, एवढे विचारण्याची खोड आम्हांला लागली आहे. हा प्रश्न या खेळाला विचारून पाहिला, तेव्हा बऱ्याच मोठ्या माणसांपेक्षा त्याने तो अधिक प्रामाणिकपणे सोडवून दाखवला. कोठे प्रामाणिकपणा सोडला तेही आम्ही सांगणार आहोत.

खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन'. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात हंट व्हॅली नावाचे ठिकाण आहे. तेथल्या मायक्रोप्रोज कंपनीने तो १९९१ साली प्रथम बाजारात आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघांनी तो रचला. पहिल्या आराखड्यात घड्याळ सतत चालू असे, खेळणाऱ्याने विचार केला न केला तरी जग पुढे सरके. तो बेत मायर यांनी टाकून दिला आणि खेळ पाळीपाळीचा केला. तुमची पाळी असेपर्यंत जग थांबते. तुम्ही सर्व हुकूम देऊन झाल्यावर मग वर्षे पुढे जातात. 'पाळी' हा शब्द आमच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या पाळीला गेलेल्या माणसाने काय करून ठेवले आहे ते दुसऱ्या पाळीच्या माणसाला निमूट स्वीकारावे लागते, हे गिरणीतही खरे होते आणि या खेळातही खरे आहे.

या खेळाचे सात भाग निघाले, सातवा २०२५ साली. आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः चौथ्याविषयी. तो २००५ साली आला. त्याचे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन. त्यात हिशेबाच्या वह्या सर्वांत स्वच्छ आहेत, हे एक कारण. आमच्या संगणकाला त्यापुढचे भाग झेपत नाहीत, हे दुसरे.

इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तुमच्या हाती वसाहत करणाऱ्यांचा एक तांडा आणि एखादे पथक असते. तांडा थांबतो तेथे शहर वसते. शहराभोवती वीस घरे असतात, म्हणजे पटावरची घरे : कोठे गवताळ जमीन, कोठे टेकडी, कोठे रान, कोठे पाणी. शहरात जितकी माणसे तितक्या घरांवर काम होते. एका घरावर एक माणूस. त्याच्या कामातून तीन वस्तू निघतात, आणि पडद्यावर त्यांची चित्रे येतात : भाकरी, हातोडा आणि नाणे. भाकरीने माणसे वाढतात, हातोड्याने वस्तू बनतात, नाण्याने विद्या आणि तिजोरी चालते. प्रत्येक माणूस प्रत्येक पाळीला दोन भाकरी खातो. आता गवताळ टेकडीवर खाण काढली तर ते घर तीन हातोडे देते, पण भाकरी एकच देते. म्हणजे खाणीत उतरलेला माणूस एका भाकरीने तुटीत. ती एक भाकरी दुसऱ्या कोणी तरी शेतात पिकवली पाहिजे, नाही तर खाणकामगार उपाशी. एवढे समजले की खेळ समजला. बाकी सर्व शोभा आहे.

आमच्या कचेरीत या खेळाचे दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, आधी फौज. शेजारी जिंकला की त्याची शेते, खाणी आयत्याच आपल्या. दुसरा म्हणतो, आधी शेतीवाडी, बाजारपेठ, विद्या; फौज मागाहून चांगल्या हत्यारांनी करू. दोघेही रात्री नऊपर्यंत भांडतात. दोघांच्याही डोळ्यांसमोर एक तराजू असतो, एका पारड्यात तलवार आणि दुसऱ्यात नांगर. आमचे म्हणणे असे की येथे तराजू मुळीच नाही. येथे एकच ताट आहे आणि त्यातून दोघे जेवतात. कुऱ्हाडवाल्यांचे एक पथक उभारायला पस्तीस हातोडे लागतात. ते हातोडे खाणीतल्या त्याच माणसाचे असतात, ज्याच्या हातोड्यांतून कोठार किंवा वाचनालय झाले असते. तेव्हा फौज बळकट आणि शहर बळकट असा दुहेरी आनंद एकाच पाळीत कोणालाही मिळत नाही. तो मिळाल्यासारखा वाटतो, तेव्हा बिल यायचे असते एवढेच.

प्रथम युद्धवाल्यांची बाजू मांडतो. ती खोटी नाही. आठ पथके कुऱ्हाडवाल्यांची म्हणजे २८० हातोडे. वसाहतीचा एक तांडा १०० हातोड्यांना पडतो, आणि तो तयार होत असताना शहराची वाढ थांबते, कारण उरलेली भाकरीही त्याच कामात जाते. म्हणजे आठ पथकांच्या मोलात जेमतेम तीन तांडे होतात, तीन ओसाड जागी तीन नवी गावे. त्याच आठ पथकांनी शेजाऱ्याच्या राजधानीवर चाल केली आणि तेथे दोनच तिरंदाज असले, तर वसलेली, पिकलेली, कधी कधी चांगल्या देवळारावळांची राजधानी मिळते, आणि एक प्रतिस्पर्धी कायमचा कमी होतो. हा सौदा स्वस्त आहे. आमच्यापैकी जे कोणी युद्ध म्हटले की नाक मुरडतात, त्यांनी आधी हा आकडा पाहावा. साम्राज्ये मूर्खपणामुळे उभी राहिली नाहीत. आरंभी तरी त्यांत नफा होता.

पण श्रोते हो, हा नफा खरेदीच्या दिवसाचा आहे. शहर हाती आले त्या पाळीला त्याची एक वस्ती कमी होते, काही इमारती कोसळलेल्या असतात, आणि काही पाळ्या तेथे बंडाळी चालते. त्या काळात तेथून हातोडाही मिळत नाही आणि नाणेही मिळत नाही. लुटीची चार नाणी तिजोरीत पडलेली असतात, त्यामुळे खेळणारा खुशीत असतो. बंड शमते, आणि त्याच दिवसापासून त्या शहराचा कारभारखर्च तुमच्या नावे लागतो. हा खर्च दोन गोष्टींवर ठरतो : शहर राजवाड्यापासून किती दूर आहे आणि तुमची एकूण शहरे किती आहेत. दूरचे शहर महाग, हे कोणालाही कळते. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नवे शहर आपलाच खर्च घेऊन येते असे नाही. ते आल्यामुळे जुन्या प्रत्येक शहराचा खर्चही थोडाथोडा वाढतो. सातवे शहर घेतले की पहिल्या सहांची बिले चढतात.

तिजोरीकडे जाणारी नाणी आणि विद्येकडे जाणारी नाणी यांची वाटणी करायला पडद्यावर एक सरकपट्टी आहे, दहा-दहा टक्क्यांनी सरकणारी. लढाईपूर्वी विद्येला ऐंशी टक्के दिले जात असतात. दोन शहरे घेतली की साठ. चार घेतली की तीस. मग एके दिवशी विद्येला शून्य देऊनही तिजोरी दर पाळीला चार नाण्यांनी आटत राहते. नकाशावर तुमचा रंग सर्वांत मोठा, आणि पलीकडच्या बेटावरचा लहानसा राजा, ज्याने एकही लढाई केली नाही, तो बंदुकीची विद्या शिकून मोकळा. आमच्या तरुणांना हा प्रकार पहिल्यांदा झाला तेव्हा त्यांना वाटले यंत्रात बिघाड आहे.

आम्हांला त्यात बिघाड दिसला नाही, कारण हे आम्ही पाहिलेले आहे. एखादी युनियन एका कारखान्यात विजयी होते. लगेच शेजारच्या औद्योगिक वसाहतीत चार नव्या फाटकांवर पाट्या लागतात. मिरवणूक निघते, गुलाल उडतो. नव्या चार ठिकाणी वर्गणी अजून सुरू झालेली नसते, पण खटले मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झालेले असतात, आणि ते चालवण्याचा पैसा जुन्या कारखान्यातल्या सभासदांच्या वर्गणीतून जातो. वर्षभरात जुन्या कारखान्यातला माणूस विचारू लागतो, आमच्या बोनसच्या वाटाघाटीला कार्यकर्ता का येत नाही? त्याचे उत्तर सरकपट्टीवर असते. असो.

तिजोरी संपली आणि आवक उणी राहिली तर काय होते? येथे या खेळाने एक शब्द वापरला आहे, आणि आम्ही तो पडद्यावर पाहिला तेव्हा खुर्ची जवळ ओढून घेतली. जेथे एरवी शिलकेचा आकडा असतो तेथे शब्द येतो : 'स्ट्राइक'. संप! पुढच्या पाळ्यांतून फौजेतली पथके एकामागून एक नाहीशी होऊ लागतात. आता या बाबतीत आम्हांला थोडा अधिकार आहे असे समजून सांगतो, याला संप म्हणत नाहीत. पगार मिळाला नाही म्हणून माणूस रात्री गाठोडे उचलून गावी निघून गेला, तर तो संप नव्हे. संपाला मागणी असते, नोटीस असते, पुढारी असतो, बाहेर राहिलेल्याला परत आत जाण्याची इच्छा असते. आणि मुख्य म्हणजे समोर कोणी तरी मागणी ऐकणारा असतो. या खेळात सैनिकाने मागणी कोणाकडे द्यायची, याची सोयच नाही. तो असतो किंवा नसतो. शब्द चुकला आहे. हिशेब चुकलेला नाही. बिनपगारी फौज विरघळते, हे जगातल्या प्रत्येक सेनापतीला ठाऊक होते, आणि बरेच जण ते विसरले.

आता चाबकाकडे येतो. हा भाग आम्हांला सर्वांत बोचला आणि सर्वांत शिकवणाराही वाटला, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो.

या खेळात काशाची विद्या शिकली की एकदम चार गोष्टी घडतात. तांब्याच्या खाणी कोठे आहेत ते दिसते, रान तोडता येते, तांबे हाती आले की कुऱ्हाडवाले उभारता येतात, आणि गुलामगिरीची पद्धत स्वीकारता येते. कुऱ्हाड आणि चाबूक एकाच भट्टीतून निघतात. रचनाकाराने हे जाणून केले की सहज झाले, कोण जाणे, पण ते खरे आहे. गुलामगिरी स्वीकारली की शहरात अर्धवट राहिलेली कोणतीही वस्तू माणसे खर्ची घालून पुरी करता येते. एक माणूस म्हणजे तीस हातोडे. कळ दाबली, माणूस गेला, पुढच्या पाळीला पथक उभे. शहराच्या निम्म्यांपेक्षा अधिक माणसे एका वेळी घेता येत नाहीत, एवढी मर्यादा आहे. मागे उरलेल्यांपैकी एक जण दहा पाळ्या नाराज राहतो. नाराज माणूस खातो, पण काम करीत नाही. शहराच्या पडद्यावर त्या नाराजीचे कारणही लिहून येते : तुमचा जुलूम आम्ही विसरलेलो नाही, अशा अर्थाचे. दहा पाळ्या झाल्या की विसरतात.

या चाबकाशिवाय पट्टीचे खेळाडू खेळतच नाहीत. का, ते आकड्यांत पाहा. तीन वस्तीच्या शहरात चौथा माणूस वाढायला सव्वीस भाकरी साठवाव्या लागतात. शहरात कोठार असले तर वाढ झाल्यावर निम्मा साठा शिल्लक राहतो, म्हणजे पुढच्या वेळी तेरा भाकरी पुरतात. तेरा भाकरींत माणूस तयार, आणि त्या माणसाचे हातोडे तीस! एका भाकरीला दोनाहून जास्त हातोडे. जगातली कोणतीही खाण हा भाव देत नाही. म्हणून जाणते खेळाडू आधी साठ हातोडे घालून कोठार बांधतात आणि मग चाबूक उचलतात. कोठार दुष्काळासाठी असते असे आपण समजतो. येथे कोठाराने माणूस स्वस्त केला.

आमचा एक कार्यकर्ता, फार बुद्धिमान मुलगा, आम्हांला म्हणाला, "काका, तुम्ही चाबूक वापरत नाही म्हणून हरता." त्याचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड होते. आम्ही त्याला एकच गोष्ट करायला सांगितली. एका डावात जितकी माणसे खर्ची पडतील तितक्या रेघा वहीत मारायच्या. लढाईत पडलेल्यांच्या निराळ्या आणि शहरात खर्ची घातलेल्यांच्या निराळ्या. त्याने प्रामाणिकपणे रेघा मारल्या. लढाईत सहा पथके पडली होती. शहरांत एकोणीस रेघा होत्या. शत्रूने जितके मारले त्याच्या तिपटीहून अधिक माणसे राजाने स्वतःच्याच शहरांत संपवली होती, आणि तीही ज्या युद्धात विजय झाला त्या युद्धासाठी. खेळाच्या शेवटी येणाऱ्या आलेखांत संपत्ती, सामर्थ्य, उत्पादन सर्व दिसते. या एकोणीस जणांची रेघ तेथे नाही. आम्ही वर म्हटले की कोठे प्रामाणिकपणा सोडला तेही सांगू, ते हे. खेळाने किंमत लावली, पण तिची नोंद ठेवली नाही. तो मुलगा अजूनही चाबूक वापरतो, मात्र रेघा मारतो.

ज्या सदरात ही गुलामगिरी येते त्या सदराचे नावच 'श्रम' असे आहे, आणि त्यात पाच पद्धती आहेत : टोळीची, गुलामगिरीची, कुळाने जमिनीला बांधून राहण्याची, जातिव्यवस्थेची, आणि शेवटी दास्यमुक्तीची. जातिव्यवस्था घेतली की शहरात हवे तितके पंडित, व्यापारी आणि कलावंत बसवता येतात, असा तिचा लाभ दाखवला आहे. त्या पंडितांसाठी शेतात कोण राबायचे, आणि त्याच्या मुलाला पंडित होता येईल काय, हे विचारायला खेळात जागा नाही. ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच मांडून ठेवले होते. अमेरिकेतील रचनाकारांनी ते वाचले असते तर हे सदर अधिक चांगले झाले असते. दास्यमुक्तीचे मात्र त्यांनी सुरेख साधले आहे. एका राष्ट्राने ती स्वीकारली की ज्यांनी स्वीकारली नाही त्या राष्ट्रांतले लोक बेचैन होऊ लागतात. सीमेपलीकडची बातमी कोणी थांबवू शकत नाही. आणि जेथे स्वीकारली तेथे झोपड्यांची भरभराट दुप्पट वेगाने होते.

झोपड्यांचे सांगायचे राहिले. शहराभोवतीच्या घरावर कामकऱ्यांकडून झोपडी बांधून घेता येते. ती आरंभी एक नाणे देते; हसू येईल असे उत्पन्न. पण तिच्यावर एक माणूस सतत काम करीत राहिला तर दहा पाळ्यांनी तिची वाडी होते, आणखी वीस पाळ्यांनी गाव, आणखी चाळिसांनी कसबा. एकूण सत्तर पाळ्या. मग तेच घर चार नाणी देते आणि पुढे विद्या वाढतील तसे अधिक. यात दोन अटी आहेत. माणूस तेथून उठला तर वाढ थांबते. आणि शत्रूचे घोडेस्वार आले तर एका लुटीत कसब्याचे गाव होते, दुसऱ्या लुटीत गावाची वाडी. चाळीस पाळ्यांचे काम एका पाळीत जाते, आणि लुटणाऱ्याला मूठभर नाणी मिळतात. साम्राज्याचा खरा पैसा या झोपड्यांत असतो. ज्याने मागच्या पन्नास पाळ्या झोपड्यांवरची माणसे हलवली नाहीत, त्यालाच आज मोठी फौज परवडते. आणि ज्याने चाबकाखाली तीच माणसे वारंवार खर्ची घातली, त्याच्या झोपड्या वाडीपर्यंतही पोचत नाहीत. चाबकाचा स्वस्त भाव आम्ही मघाशी सांगितला, त्याच्या पावतीची ही दुसरी बाजू. तेरा भाकरींत माणूस पुन्हा येतो. न झालेला कसबा परत येत नाही.

युद्ध लांबले की लोक कंटाळतात, हेही यात आहे, आणि त्यातला बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. परक्या भूमीवर लढल्याने कंटाळा साचतो. स्वतःच्या भूमीवर शत्रूला थोपवताना तो साचत नाही. पंचवीस टक्के कंटाळा कमी करणारी एक इमारतही बांधता येते. कोणती? तुरुंग. यावर आम्ही काही बोलत नाही; सभेला परवानगी काढताना विषय सांस्कृतिक असल्याचे लिहून दिलेले आहे.

या बाबतीत १९९१ चा पहिला खेळ आम्हांला अधिक शहाणा वाटतो. त्यात प्रत्येक पथकाला स्वतःचे गाव असे. राज्य थोडे सुधारले की त्या पथकाच्या पोटाला दर पाळीला त्या गावाचा एक हातोडा जाई. प्रजासत्ताक असेल तर पथक वेशीबाहेर पडताच त्याच्या गावातला एक माणूस नाराज होई. लोकशाही असेल तर दोन. ते गाव शत्रूने घेतले तर दूर आघाडीवरचे पथकही नाहीसे होई. तिसऱ्या भागापासून, म्हणजे २००१ पासून, फौजेचा खर्च सरळ राष्ट्राच्या तिजोरीकडे गेला. खेळणाऱ्याची सोय झाली, दर गावाचा हिशेब ठेवण्याचा त्रास वाचला. पण सैनिकाचे गाव पुसले गेले. कोणत्या घरातला मुलगा कोठे गेला आहे हे पाहिल्याशिवाय त्याला पुढे ढकलता येत नव्हते, ते आता येते. सोयीसाठी हिशेब एकत्र केला की काय हरवते, हे पाहायचे असेल तर हे दोन भाग शेजारी ठेवून खेळावेत.

पाचव्या भागात, २०१० साली, त्यांनी निराळा उपाय केला : साऱ्या राज्याचे सुख एकाच आकड्यात मोजले. एक शहर जिंकून सामील केले की थेट दुसऱ्या टोकाची राजधानीही त्या नाराजीची वाटेकरी होते, आणि जिंकलेल्या ठिकाणी न्यायालय उभे राहीपर्यंत जादा असंतोष राहतो. म्हणजे त्या भागातही उत्तर तेच आले, जिंकणे झाल्यावर न्यायालय बांधा. चौथ्यात त्याला १२० हातोडे लागतात आणि त्या शहराचा कारभारखर्च निम्मा होतो. फौजेच्या हिशेबाने साडेतीन पथके. शहर जिंकायला निघताना ही साडेतीन पथके आधीच बाजूला काढून ठेवावीत, ती आघाडीवर नाहीत असे समजावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्याजवळ ती नाहीत त्याच्याजवळ ते शहर जिंकण्याचे बळ नाही, मग त्याचे कुऱ्हाडवाले कितीही असोत.

एक गंमत सांगायची राहिली. चौथ्या भागात प्रत्येक राष्ट्राला त्याचे म्हणून एक खास पथक दिले आहे. रोमला त्यांचे प्रसिद्ध पायदळ, इतरांना कोणाला रथ, कोणाला भालाईत, कोणाला धनुर्धर. हिंदुस्थानच्या वाट्याला काय आले? जलद कामकरी. इतरांचा कामकरी एका पाळीत दोन घरे चालतो, आपला तीन. सगळ्या राष्ट्रांत ज्याचे खास पथक लढत नाही असे आपण एकटेच. आमच्या तरुणांना याचा प्रथम राग आला. आपल्याला वीर नाहीत काय, असे ते म्हणाले. मग हिंदुस्थान घेऊन खेळून पाहिले. जंगलात शिरून त्याच पाळीला तोडायला लागणारा कामकरी शंभर पाळ्यांत किती काम उरकतो हे त्यांनी मोजले, तेव्हा राग गेला. शत्रूने पकडला तर हाच कामकरी दुसऱ्या पाळीपासून शत्रूसाठी राबतो, हेही त्यांनी पाहिले. त्याला विचारत कोणीच नाही.

मग युद्ध करावे की करू नये? आम्ही करतो. लवकर करतो, एका शेजाऱ्याशी करतो, आणि कोठे थांबायचे ते शहराचे नाव घेऊन आधी ठरवून करतो. तह केला की दहा पाळ्या तो मोडता येत नाही. त्या दहा पाळ्या आम्ही उसंत मानत नाही, त्या कामाच्या पाळ्या. चलनाची विद्या तोवर यावी लागते, म्हणजे प्रत्येक शहराला व्यापाराची एक वाट अधिक मिळते. जिंकलेल्या शहराभोवती झोपड्या पडाव्या लागतात. सरकपट्टी पुन्हा साठावर आल्याशिवाय दुसऱ्या युद्धाचे नाव काढायचे नाही, असा आमच्या कचेरीतला ठराव आहे. तो बहुमताने झाला, एकमताने नव्हे.

सध्या एक डाव चालू आहे. तीन शहरे घेतली आहेत, विद्येला तीस टक्के जात आहेत. उत्तरेच्या शेजाऱ्याच्या वेशीवर दोनच तिरंदाज आहेत, आणि आमची पाच पथके तेथून दोन घरांवर उभी आहेत. चाबूकवाला मुलगा म्हणतो, आताच. पुढच्या वेळी तेथे भिंत असेल. त्याचे म्हणणे खरे ठरण्याचा संभव आहे. काल मत घेतले, सहा विरुद्ध चार. पथके मागे आणली. सर्वांत दूरच्या शहरात न्यायालयाचे काम चालू आहे, ते पुरे व्हायला आणखी नऊ पाळ्या आहेत.